आधी जागा, मग कर्ज



१५ जानेवारी २०२६ ला मुंबई महापालिकेचे मतदान झाले. त्याआधीचे मतदान फेब्रुवारी २०१७ मध्ये झाले होते. मार्च २०२२ मध्ये जुन्या नगरसेवकांची मुदत संपली आणि मग जवळजवळ चार वर्षे प्रशासकाचा कारभार चालला. म्हणजे ज्या पोरीने २०२२ मध्ये बारावी केली, तिचे कॉलेज संपले तरी तिला वॉर्डात नगरसेवक असा दिसला नाही. आता नगरसेवक आले आहेत. आले म्हटल्यावर पाड्यात येणार, मेळावे घेणार. "आदिवासी बांधवांना उद्योगाला लावू, महिलांना पायावर उभे करू," अशी भाषणे होणार. बॅनर लागणार. शिवणयंत्र मिळेल, घरघंटी मिळेल, कर्जाचा फॉर्म मिळेल.

मिळेल ते घ्यावे. नको म्हणायचे कारण नाही, तो आपल्याच कराचा पैसा आहे. पण त्याला विकास म्हणायचे का, हे ठरवायचा हक्क आपला आहे. माझे म्हणणे एका ओळीत सांगते. ज्या बाईची राहायची जागा कागदावर नाही, बसून विकायची जागा कागदावर नाही, तिला दिलेले कर्ज हा धंद्याला आधार नाही, तो तिच्या डोक्यावरचा आणखी एक बोजा आहे. म्हणून आधी जागा, मग कर्ज.

आपण धंदा करतोच

पुढाऱ्यांच्या बोलण्यात एक गोष्ट नेहमी असते. आदिवासी म्हणजे रिकामा बसलेला माणूस, त्याला कुणीतरी येऊन धंदा शिकवायचा आहे. मालाड स्टेशनच्या बाजाराला पावसाळ्यात सकाळी सहाला जाऊन बघा. पहिला पाऊस पडला की शेवळं येतात, सोबत काकडं येतात. मग टाकळा, कुरडू, लोत. श्रावणात कंटोळी, भारंगी, बांबूचे वास्ते. दसऱ्याला आपट्याची पानं आणि आंब्याचे टाळे. उन्हाळ्यात करवंदं, जांभळं, फणस. मढ-मार्वे बाजूची माणसे ताडगोळे आणतात. डोंगराकडच्या पाड्यांतल्या बाया परसातला भाजीपाला आणतात. हे सगळे कोण विकते? आपल्याच आया, मावश्या, काक्या. त्यांना कुठल्या ट्रेनिंगची गरज पडली? कुठल्या गिऱ्हाइकाला काय पाहिजे, शेवळाची खाज जायला काय घालायचे, जुडी केवढ्याची बांधायची, हे सगळे त्यांना ठाऊक आहे. भांडवल म्हणजे पहाटे तीनला उठणे आणि डोक्यावरची पाटी.

मग अडते कुठे? दोन ठिकाणी. माल जिथून येतो ती जमीन आपल्या नावावर नाही. आणि माल जिथे विकायचा ती चार फूट जागा पण आपल्या नावावर नाही. मधल्या सगळ्या गोष्टी आपल्याला येतात. सरकारची मदत मात्र नेमकी मधल्या गोष्टींनाच मिळते, दोन्ही टोकांना कोणी हात लावत नाही.

एकाच महापालिकेचे दोन हिशोब

आता आकडे बघू. फेरीवाल्यांचा कायदा २०१४ चा आहे, संसदेने केलेला. त्याप्रमाणे मुंबईत २०१४ मध्ये फेरीवाल्यांची मोजणी झाली. ९९,४३५ अर्ज आले. त्यातले पात्र ठरले ३२,४१५. कायदा म्हणतो, दर पाच वर्षांनी निदान एकदा मोजणी करा. ऑगस्ट २०२४ मध्ये नगर पथविक्रेता समितीची निवडणूक घेतली तेव्हा मतदार म्हणून हीच ३२,४१५ ची यादी वापरली. दहा वर्षांपूर्वीची यादी! २०१४ मध्ये मी शाळेत होते. आज मी पाटी घेऊन बसले तर त्या यादीत माझे नाव असूच शकत नाही.

आता दुसरा हिशोब. लॉकडाऊननंतर १ जून २०२० ला केंद्राने पीएम स्वनिधी योजना आणली. फेरीवाल्याला तारण न घेता कर्ज. पहिले १० हजार, ते फेडले की २० हजार, मग ५० हजार. २०२५ मध्ये पहिला हप्ता १५ हजार आणि दुसरा २५ हजार केला. १९ जानेवारी २०२३ ला पंतप्रधान वांद्रे-कुर्ला संकुलात आले. त्या कार्यक्रमात मुंबईतल्या एक लाखाहून जास्त फेरीवाल्यांना स्वनिधीचे कर्ज देण्याची सुरुवात झाली.

हे दोन आकडे शेजारी ठेवा. कर्ज द्यायचे तेव्हा मुंबईत फेरीवाले एक लाखाच्या वर. बसायला जागा द्यायची तेव्हा ३२,४१५. मग बाकीचे सत्तर हजार कोण? त्यांना कर्ज दिले ते कशासाठी दिले? भाजी घेऊन ती कुठे विकायची? ज्या कर्जासाठी फेरीवाला म्हणून शिफारस मिळते, त्याच फेरीवाल्याला रस्त्यावर "तू बेकायदेशीर" म्हणून उठवता येते. दोन्ही ठिकाणी महापालिका एकच असते.

दहा हजारांचे कर्ज बारा महिन्यांत फेडायचे तर महिन्याला ८००-९०० रुपये लागतात. वेळेवर भरले तर ७ टक्के व्याजाची सवलत परत मिळते, हे बरोबर आहे. पण पाटी एकदा उचलून नेली तर त्या दिवसाचा माल गेला, दुसऱ्या दिवसाचे भांडवल गेले, आणि हप्ता तसाच उभा. हप्ता चुकला की सवलतही गेली आणि पुढचे कर्जही गेले. म्हणजे ज्या धोक्याचे कारण महापालिका, त्याचा खर्च पाटीवालीने उचलायचा.

कायदा आपल्या बाजूने काय सांगतो

बायांनो, हे कापून ठेवा, वाचता येत नसेल तर पोरांकडून वाचून घ्या. २०१४ च्या कायद्यात असे आहे:

मोजणी पूर्ण होऊन प्रमाणपत्रे वाटली जात नाहीत तोपर्यंत कुणालाही उठवता येत नाही. कलम ३.

प्रमाणपत्र देताना अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, बाया, अपंग यांना प्राधान्य द्यायचे आहे. कलम ४. अनुसूचित जमात म्हणजे आपण, आणि बाया पण आपणच. दोन्हीकडून आपला नंबर आधी लागतो.

माल उचलला तर यादी करून, सही करून द्यावी लागते. भाजी-फळे असा नासणारा माल त्याच दिवशी परत द्यायचा. बाकीचा माल मागणी केल्यापासून कामाच्या दोन दिवसांत. कलम १९.

जुना, लोकांनी आपोआप वसवलेला बाजार मोजणीत नोंदला गेला तर तिथे फेरीवाल्यांना बंदी घालता येत नाही. आपल्या आज्या ज्या कोपऱ्यावर बसत होत्या तो कोपरा म्हणजे असाच बाजार.

हे सगळे कागदावर बारा वर्षे पडून आहे. कोणत्या पुढाऱ्याने पाड्यात येऊन हे सांगितले? घरघंटीचा फोटो काढायला सगळे येतात.

नगरसेवकाच्या हातात काय असते

काही जण म्हणतील, नगरसेवक बिचारा काय करणार, गटार आणि दिवाबत्ती एवढेच त्याचे काम. हे खोटे आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने घटनेत बारावी अनुसूची आली. शहराच्या संस्थांकडे द्यायच्या १८ कामांची ती यादी आहे. त्यात जमिनीच्या वापराचे नियमन आहे, आर्थिक आणि सामाजिक विकासाचे नियोजन आहे, गरिबी हटवणे आहे. म्हणजे जमीन आणि रोजगार ही दोन्ही कामे घटनेने एकाच यादीत, एकाच संस्थेसाठी लिहिली. आपले पुढारी दोन्ही वेगळे करतात. रोजगाराचा मेळावा घेतात आणि जमिनीचा प्रश्न आला की "तो फॉरेस्टचा विषय आहे, तो कलेक्टरचा विषय आहे" म्हणून हात झटकतात.

पैसा नाही असेही नाही. २०२५-२६ चा मुंबई महापालिकेचा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता. देशात एवढी श्रीमंत महापालिका दुसरी नाही. रस्त्यावर पट्टे मारून फेरीवाल्यांच्या जागा आखायला, पाड्यांची मोजणी करायला यातले किती लागेल?

आणि आपला आवाज? २२७ प्रभागांपैकी अनुसूचित जमातीसाठी राखीव फक्त २. आपण मुंबईत विखुरलेले आहोत म्हणून असे होते. त्यामुळे आपल्या जातीचा नगरसेवक येईल आणि सगळे करील अशी वाट बघून चालणार नाही. जो कोणी निवडून आला आहे, कुठल्याही पक्षाचा, त्याच्याकडूनच हे काम करून घ्यावे लागेल.

यंत्र आले, मीटर कुठे?

घरघंटी आणि मसाला कांडप यंत्र विजेवर चालते. वनजमिनीवरच्या पाड्यात विजेचा मीटर मागायला गेले की ज्या खात्याची जमीन त्या खात्याचा ना-हरकत दाखला मागतात. तो वर्षानुवर्षे मिळत नाही. मग यंत्र कोपऱ्यात गोधडीखाली झाकून ठेवायचे. शबरी आदिवासी वित्त व विकास महामंडळ आपल्यासाठीच काढले आहे. त्याच्या कर्जाला जातीचा दाखला लागतो, दाखल्याला ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा राहण्याचा पुरावा लागतो. आपले खापरपणजे इथेच होते हे सगळ्यांना माहीत आहे, पण पाड्याची नोंदच कुठे धड नाही तर पुरावा आणायचा कुठून? एका कार्यालयात मला साहेब म्हणाले, "तुमचा पाडा नकाशावर दाखवा." मी म्हटले, "साहेब, नकाशा तुमचा आहे, पाडा आमचा आहे. तुम्हीच येऊन बघा."

सगळ्या वाटा फिरून जमिनीपाशीच येतात. राहायच्या जागेची नोंद नाही म्हणून मीटर नाही, दाखला नाही, कर्ज नाही. आपली संघटना जमीन-जमीन करते, रोजगाराचे बोलत नाही, असा काही तरुणांचा आक्षेप असतो. मी पण तरुण आहे, मला पण काम पाहिजे. पण या दोन मागण्या वेगळ्या नाहीत, हेच तर मी सांगते आहे.

मेंढ्याचे उदाहरण

हे कुठे करून दाखवले आहे का? दाखवले आहे. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचे छोटे गाव आहे, शंभरेक घरांचे. तिथली ग्रामसभा बऱ्याच वर्षांपासून सगळ्यांच्या सहमतीने निर्णय घेते. देवाजी तोफा हे तिथले जुने कार्यकर्ते. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली मेंढ्याला १,८०० हेक्टरांहून जास्त जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशात सगळ्यात आधी असा हक्क मिळालेल्या गावांतले ते एक.

पण हक्क मिळाला तरी बांबू विकता येईना. वनखाते वाहतुकीचा परवाना देत नव्हते. कायद्यात बांबू गौण वनउपज म्हणून स्पष्ट लिहिलेला असताना, खाते आपल्या जुन्या कायद्यावर अडून बसले. गावाने दोन वर्षे भांडण केले. शेवटी २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिले. त्यानंतर परवाना ग्रामसभाच देऊ लागली. बांबू तोडायचा किती, मजुरी काय, विकायचा कुणाला, हे गाव ठरवू लागले. आलेला पैसा ग्रामसभेच्या खात्यात.

यात क्रम बघा. आधी जंगलावर हक्क. मग विकायचा परवाना. मग पैसा. मेंढ्याला कुणी आधी कर्ज देऊन बांबूचा धंदा शिकवला नाही. ज्या दिवशी जागा आणि परवाना हातात आला, त्या दिवसापासून धंदा गावाने स्वतः चालवला. स्थानिक सरकारने आर्थिक विकास करायचा म्हणजे काय, याचे याच्याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. तिथे स्थानिक सरकार म्हणजे गावच होते.

कुणी म्हणेल, ते गडचिरोली, हे मालाड. खरे आहे. मुंबई उपनगर अनुसूचित क्षेत्रात नाही, इथे पेसा लागू नाही. शेजारच्या डहाणू, तलासरी, जव्हारमधल्या पेसा गावांना आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी थेट मिळतो, आपल्याला मिळत नाही. पण वनहक्क कायदा २००६ हा पेसासारखा ठराविक क्षेत्रापुरता नाही. त्यातल्या वनजमिनीच्या व्याख्येत राष्ट्रीय उद्यान पण येते. गावाच्या व्याख्येत जुनी वस्ती पण येते, मग ती गाव म्हणून जाहीर झालेली असो की नसो. आणि गौण वनउपज गोळा करणे, वापरणे आणि विकणे हे तिन्ही हक्क त्यात आहेत. २०१२ च्या नियमांत विकणे म्हणजे साठवणे, प्रक्रिया करणे, वाहतूक करणे हे पण धरले आहे. शेवळाची पाटी मालाड स्टेशनला आणणे हा आपला कायद्याने दिलेला हक्क आहे. "शहरात कुठली ग्रामसभा?" असे विचारणाऱ्याला ही व्याख्या दाखवा.

भांडण कुणाशी नाही

एक धोक्याची गोष्ट. जागेचा विषय काढला की काही पुढारी लगेच सांगतात, "बाहेरचे भय्ये उठवू, तुम्हाला बसवू." ऐकायला गोड लागते. पण बाजूला कांदे-बटाटे विकणारा उठला म्हणून ती जागा पाटीवालीला मिळाली असे झाल्याचे मी तरी पाहिले नाही. गाडी आली की दोघांचा माल एकाच गाडीत जातो. आपल्याला प्राधान्य कायद्याने दिलेले आहे, ते कुणाला हाकलून घ्यायची गरज नाही. यादी वाढली तर दोघे आत येतील, यादी दाबून ठेवली तर दोघे बाहेर राहतील.

चालणाऱ्या माणसाची तक्रार मात्र खरी आहे. फुटपाथ भरला तर म्हाताऱ्या माणसाने, शाळेच्या पोराने कुठून जायचे? त्याचे उत्तर पण कायद्यातच आहे. वॉर्डाच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत फेरीवाले सामावून घ्या, जागा आखून द्या, वेळ ठरवून द्या. आपल्या बायांना दिवसभर जागा नको असते. सकाळी चार तास, ते पण मोसमात. तेवढी वेळ आखून दिली तर फुटपाथ पण मोकळा राहील. आखणी होत नाही म्हणून गर्दी होते, आणि गर्दी होते म्हणून उठवतात.

मागायचे काय, करायचे काय

नगरसेवक पाड्यात आला तर हार घालायच्या आधी हे चार मुद्दे त्याच्यापुढे ठेवा:

१. वॉर्डात फेरीवाल्यांची नवीन मोजणी करा. मोसमी पाटीवाल्या बायांची वेगळी नोंद करा. मोजणी पहाटे आणि पावसाळ्यात करा, कारण आपण तेव्हाच बाजारात असतो.

२. जिथे आपल्या बाया पिढ्यान्‌पिढ्या बसतात ती ठिकाणे जुना बाजार म्हणून नोंदवा आणि तिथे सकाळच्या वेळेच्या जागा आखून द्या.

३. पाड्याची हद्द मोजण्यासाठी महसूल खात्याला महापालिकेने लेखी पत्र द्यावे, आणि मोजलेली हद्द विकास आराखड्याच्या नकाशावर दाखवावी. हा विषय प्रभाग समितीच्या बैठकीत मांडा, इतिवृत्ताची प्रत पाड्याला द्या.

४. यंत्र वाटण्याआधी मीटर द्या. ज्या पाड्यात वीज नाही त्याची यादी करून ना-हरकत दाखल्याचा पाठपुरावा नगरसेवकाने स्वतः करावा.

आणि आपण काय करायचे? प्रत्येक पाड्याने एक वही घालायची. कोण बाई, किती वर्षांपासून, कुठल्या कोपऱ्यावर, काय विकते. जुन्या पावत्या, दंडाच्या पावत्या फेकू नका. दंडाची पावती म्हणजे तुम्ही त्या तारखेला तिथे बसला होता याचा सरकारने दिलेला पुरावा आहे. वनहक्क समिती नसेल तर पाड्याची सभा घेऊन निवडा आणि सामूहिक दाव्यात गौण वनउपजाचा हक्क लिहायला विसरू नका. बहुतेक ठिकाणी आपण घर आणि शेतीचा प्लॉट लिहितो आणि जंगलातल्या भाजीचे राहून जाते.

आपल्यातल्याच काही जणांना सांगते, राग मानू नका. एका स्टॉलसाठी, एका कंत्राटासाठी पूर्ण पाड्याची मते बांधून द्यायची पद्धत सोडा. स्टॉल एका घराला मिळतो. पाड्याची नोंद झाली तर ती सगळ्या घरांना आणि पुढच्या पिढीला पण मिळते.

जूनला शेवळं येतील. त्याआधी वही तयार झाली पाहिजे आणि पत्र वॉर्ड ऑफिसला गेले पाहिजे. पत्रावर पाड्यातल्या सगळ्या बायांची सही घ्या, ज्यांना येत नाही त्यांचा अंगठा. पोच घेतल्याशिवाय उठू नका.

जल, जंगल, जमीन आमची! बाजारातली जागा पण आमची!

जोहार.

— संघटनेची एक कार्यकर्ती, मालाड